सांबरशिंगाचा लेप

१

मी टेलर आहे. माणूस दुकानात शिरला की त्याच्या तोंडाआधी मला त्याची छाती दिसते. मुरूडच्या बाजारात बसून तीस वर्षं झाली. आता टेप न लावता, नुसतं बघून मी अर्ध्या इंचाच्या फरकाने माप सांगतो आणि त्यावर चहाच्या पैजा जिंकतो. म्हणून मापाच्या बाबतीत तरी माझ्यावर विश्वास ठेवा. माझा मुलगा गणराज, याची छाती शहात्तर सेंटिमीटर होती, आणि पोलीस भरतीला एकोणऐंशी लागते. फुगवून चौऱ्याऐंशी.

तीन सेंटिमीटर म्हणजे काय हो? शर्टाच्या दोन्ही शिवणींत दाबले तर घालणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण तेवढ्यासाठी मागच्या भरतीत त्याला पहिल्याच टेबलावरून परत पाठवला. पळण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, पण पळायला आधी मैदानात तर घेतलं पाहिजे. मीही त्याच्या वयात असाच परत आलो होतो. अठ्ठ्याहत्तरवर, एका सेंटिमीटरने. पुढे जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांचे खाकी शर्ट शिवले आणि प्रत्येक काजाला मनातल्या मनात एक शिवी घातली. गणराज भरती होणार हे मी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

रोज सकाळी तो समुद्रावर पळून यायचा, पडवीत उभा राहून शर्ट काढायचा आणि हात वर करायचा. मी टेप लावायचो.

"शहात्तर. कोंबडी बरी तुझ्यापेक्षा."

"बाबा, श्वास घेऊन बघा ना."

"श्वास घेऊन एकोणऐंशी. म्हणजे फुगवून जेवढी होते तेवढी न फुगवता पाहिजे. कळलं का, पैलवान?"

तो हसायचा. त्याचा स्वभावच तसा, कुणी काही बोललं तरी हसायचं. मला त्या हसण्याचा राग यायचा.

भरतीला चोवीस दिवस राहिले होते तेव्हा तो पळून आला तो डावी बरगडी धरूनच. वाळूत पाय मुरगळल्यासारखं झालं आणि कुशीत चमक निघाली, म्हणाला. सुचिता, म्हणजे माझी बायको, आत गेली आणि मसाल्याच्या डब्याशेजारच्या डबीतून सांबरशिंगाचा तुकडा घेऊन आली. तिच्या आईने दिलेला, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आमच्याकडे छातीत दुखलं, बरगडीत चमक आली, पोराला खोकला झाला, की सांबरशिंग सहाणेवर पाण्यात उगाळायचं आणि कोमट करून लेप द्यायचा. औषधाच्या दुकानातलं मलम आलं तरी ही सवय गेलेली नाही. तिने टोकाकडून चार वळसे उगाळलं, पांढरा गंधासारखा लेप त्याच्या कुशीला लावला आणि त्याला निजवलं.

दुसऱ्या दिवशी चमक गेली होती. मी टेप लावला. सत्त्याहत्तर.

२

माणसावर विश्वास ठेवण्याआधी मी टेपवर अविश्वास दाखवतो. कापडी टेप वापरून ताणतो, हे टेलरच्या पोरालाही माहीत असतं. मी तो दुकानात नेऊन लोखंडी पट्टीला लावून बघितला. बरोबर होता. नवा टेप काढला. त्यानेही सत्त्याहत्तर. मग म्हटलं, सूज असेल. मार लागलेल्या जागी सूज येतेच.

पण सूज एका बाजूला येते. हे दोन्हीकडून सारखं होतं, चांगल्या कटिंगसारखं.

त्या रात्री मी सुचिताला म्हणालो, "उद्यापासून लेप मी देणार. दोन्ही बाजूंना."

"अवो, दुखायचं थांबलं त्याचं. आता कशाला?"

"मापासाठी."

ती हसली, मला खुळा समजून. मला त्याचं काही नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी वेळ आयुष्यात एकदा येते. त्या वेळी डोळे झाकून बसणारा मी नव्हे.

सुचिता टोकाकडून उगाळायची. टोक टणक, त्यातून लेप सुटायला अर्धा तास लागतो. बुडाकडची बाजू खरबरीत होती, जिथून ते सांबराच्या डोक्यावरून गळलं असेल ती. मी बुडाकडून उगाळलं. पाच मिनिटांत वाटी भरली. ते काम बघून मला माझंच कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. गणराज पडवीत नाचला. मी त्याला नाचू दिलं.

पाचव्या दिवशी उगाळताना शिंग हातात नीट मावेना. मी पकड बदलली, तरी टोक तळव्याच्या बाहेर यायचं. एवढं उगाळल्यावर तुकडा झिजून करंगळीएवढा व्हायला हवा होता. मी सवयीने टेप लावला. सव्वातीन इंच. आधी किती होता ते मी कधी मोजलं नव्हतं, त्यामुळे आपलीच चूक होत असेल अशी मी समजूत घातली. तरी खडूने बाजूला भिंतीवर सव्वातीन लिहून ठेवलं.

दोन दिवसांनी ते चार इंच होतं.

३

अंबाजी अभयारण्यात रोजंदारीवर वाचमन आहे. आम्ही एका वर्गात होतो. त्याची खाकी पँट ढुंगणावर फाटली की तो माझ्याकडे येतो आणि शिवून होईपर्यंत लुंगीवर बसून गप्पा मारतो. त्या दुपारी मी मशीन चालवता चालवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, सांबर शिंग टाकतं म्हणजे नक्की काय करतं? मोडतं?"

"मोडत न्हाय. गळतंय," तो म्हणाला. "डोक्यावर जितं शिंगाचा जोड असतो ना, तितलं हाड आतनं पोखरतंय. कोण दुसरं न्हाय पोखरत, त्याचंच अंग पोखरतंय. वरनं शिंग कसं ऐटीत, झाडाला घास, दुसऱ्या नराला दे टक्कर. आन् आतनं जोड रिकामा. मंग एक दिस मान झटकली का पडलं खाली. मी बघितलंय. त्यालाबी कळत न्हाय, दोन पावलं पुढं जातंय."

"पण कशासाठी? एवढं वाढवायचं आणि टाकायचं?"

"गरज सरो, वैद मरो. मादीचा हंगाम सरला, अंगातला माज उतरला, मंग ते ओझं कशाला? मोडकं-तोडकं असलं तर जातं, पुढल्या टायमाला नवीन मोठं येतंय. बैलाचं शिंग मोडलं तर मोडलं. ह्याचं दरसाल नवं."

"नवं कसं येतं?"

"खपलीखालनं. कवळं, वरनं मऊ केसाळ कातडं. हात लावला तर तापल्यावानी गरम. रगात खेळतं त्यात, आन् धक्का लागला तर दुखतं जनावराला. शिंग तयार झालं का रगात बंद. मंग ते थंडगार. नुसतं मेलेलं हाड."

मशीनचा पाय मी थांबवला होता, हे मला नंतर कळलं.

"एवढं हाड दोन-चार महिन्यांत येतं कुठून?"

अंबाजीने स्वतःच्या कुशीवर थाप मारली. "हितनं. मागं एक नर मेला तवा डॉक्टरसाहेबांनी चिरून दाखवला. बरगडी बोटानं दाबली तर आत गेली, इस्पंजावानी. शिंग वाढतं तवा बरगडीतलं हाड काढून घेतं, म्हणाले."

"आणि मग? बरगडी तशीच राहते?"

"न्हाय रे. पुढं चारापाणी खाऊन भरून येतंय. ह्यो नर मधीच दरडीवरनं पडला, म्हणून मेला." तो माझ्याकडे बघून डोळे बारीक करून हसला. "सदा, एवढी चौकशी कशापायी? घरात शिंग असंल तर मला दावू नको. गळलेलं असलं तरी गुन्हा हाय. मैतर हाय म्हणून सांगतो."

"माझ्याकडे कुठलं शिंग? तूच सांभाळ तुझी पँट."

तो गेल्यावर मी सुईत दोरा ओवायला घेतला. भीती वाटली, नाही म्हणत नाही. पण माझं डोकं हिशेबी आहे आणि भीतीतही ते काम करतं. अंबाजीच्या बोलण्यातलं एक वाक्य मी बाजूला काढलं आणि घट्ट धरलं. भरून येतं. भरतीला चौदा दिवस होते. त्यानंतर पोराला दूध, अंडी, मटणाचा रस्सा, काय लागेल ते घालू. हाडं भरून येतील. नोकरी मात्र परत येणार नाही.

एक सेंटिमीटर राहिला होता.

४

एकोणऐंशी झाली तेव्हा दहा दिवस होते. मी थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मोजणाऱ्याने टेप जरा आवळला तर? टेलरला माहीत असतं, मापात नेहमी थोडी सूट ठेवावी. मी अजून अर्धा सेंटिमीटर मागितला.

गणराज आता पालथा झोपत नव्हता. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घ्यायचा. पळायला जायचा, आणि विशेष म्हणजे आधीपेक्षा जोरात पळायचा. "अंग हलकं झालंय, बाबा," म्हणायचा. खोकला आला की मात्र दोन्ही हातांनी छाती बाहेरून धरून ठेवायचा, फुटकी घागर धरावी तशी.

एका सकाळी सुचिता त्याच्या पाठीला तेल लावत होती. एकदम हात मागे घेऊन ती स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अवो, माझं बोट आत गेलं."

"कुठे आत?"

"बरगडीत. दाबलं न्हाय मी, नुसतं टेकवलं. आत गेलं आन् खळगा तसाच राहिला. पिठात राहतो तसा." ती माझा दंड धरून हलवायला लागली. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं नेऊया त्याला. मी शेजारची रिक्षा सांगते."

"ग्राउंड झाल्यावर."

"ग्राउंड गेलं खड्ड्यात!"

"हळू बोल. त्याला ऐकू जाईल, धीर खचेल त्याचा."

"तुमाला पोरगा पायजे का शिपाई?"

असले प्रश्न विचारायला बायकांना काही लागत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती परसात गेली आणि सहाण उचलून तिने विहिरीत टाकली. धप्प आवाज आला. मग ती शिंगाची डबी शोधायला लागली. तोवर ती माझ्या खिशात होती. डबीत शिंग आता मावत नव्हतं, झाकण उघडंच ठेवून मी वर रुमाल गुंडाळला होता.

गणराज दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आई, राहू दे," तो म्हणाला. "आठच दिवस आहेत. बाबा म्हणतात तर होईल नीट."

तो असं म्हणाला नसता तर कदाचित मी थांबलो असतो. आता कोणी काहीही म्हणो, तो स्वतःहून म्हणाला होता.

५

त्यानंतर लेपाचं काम मी दुकानात हलवलं. दुपारी बाजार झोपतो. मी शटर अर्धं ओढायचो आणि गणराज ट्रायलच्या पडद्यामागे शर्ट काढून उभा राहायचा. सहाण नव्हती, पण कात्रीला धार लावायचा माझा दगड होता. काम अडत नाही.

शिंग मी ड्रॉवरमध्ये बॉबिन आणि खडूंच्या शेजारी ठेवलं होतं. ड्रॉवर उघडला की आधी वास यायचा, ओल्या बोकडासारखा. ते सात इंच झालं होतं आणि मधेच एक फाटा फुटायला लागला होता, अजून बोंडाएवढाच. बुडाकडून वर निम्म्यापर्यंत बारीक तांबूस लव आली होती. मला ती मखमलीच्या कापडासारखी वाटली. मी हात फिरवला, जसा कापडावर फिरवतो, लवेच्या दिशेने आणि उलटा. इस्त्री सकाळपासून बंद होती. शिंग गरम होतं.

डोळ्यांचा भ्रम असेल, म्हटलं. मग हाताचा भ्रम असेल. एप्रिलच्या उकाड्यात लाकडी ड्रॉवरमध्ये काय गरम होत नाही? कात्रीला हात लावून बघितला. कात्री गार होती.

मी दगडावर पाणी शिंपडलं, शिंग बुडाकडून टेकवलं आणि एक वळसा दिला.

पडद्यामागून गणराज ओरडला, "आई गं!"

"काय झालं रे?"

"काय माहीत. चमक आली."

मी थांबलो. पडद्यामागे शांत होतं. बाहेर कोणीतरी सायकल ढकलत गेलं. मी पुन्हा एक वळसा दिला. पडद्यामागे दात आवळून धरल्यासारखा हुंकार आला आणि पडद्याची कडी खुळखुळली, कारण त्याने पडदा मुठीत धरला होता. मी थांबलो. हुंकार थांबला. तिसऱ्यांदा मी शिंग दगडाला नुसतं टेकवलं, घासलं नाही. काही झालं नाही. मग नखाने लवेवर हलकीशी रेघ ओढली.

"बाबा!" तो रडत म्हणाला. "बाबा, काहीतरी ओढतंय हो आतून!"

शिवण पक्की आहे का बघायला आपण दोन बाजूंनी ओढून बघतो. मी तेच करत होतो. तीनदा ओढून बघितलं आणि माझी खात्री झाली. दगडावरचं पाणी गुलाबी झालं होतं.

इथे मला लपवायचं काही नाही. मला कळलं होतं. शंका राहिली नव्हती, टेपची चूक नव्हती, उकाडा नव्हता. माझ्या हातात माझ्या पोराचं अंग होतं आणि वाटीत अजून अर्धाच लेप झाला होता.

"दात आवळून धर," मी म्हणालो. "पाच मिनिटं. पोलिसात गेल्यावर याहून जास्त सोसायचंय."

मी घाईघाईने उगाळलं. तो पडदा तोंडात धरून उभा राहिला. लेप झाल्यावर मी पडदा बाजूला केला. तो घामाने निथळत होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. मी टेप लावला. साडेएकोणऐंशी. "सोड श्वास," म्हटलं. त्याने सोडला. टेप सैल होऊन माझ्या हातात लोंबला. दोन वीत तरी टेप रिकामा झाला असेल. त्याची छाती कुठे गेली होती ते मी बघितलं नाही. मी डोळे टेपवर ठेवले. मग त्याने श्वास घेतला आणि टेप पुन्हा भरला.

६

भरतीच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही अलिबागला उतरलो. सुचिताने डबा दिला नाही. दारात येऊन तिने गणराजला तळहाताने नाही, पदराने कुरवाळलं, हात लागायला नको म्हणून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. शेवटचा लेप मी स्टँडवरच्या मुतारीच्या आडोशाला दिला आणि शिंग जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवलं. ते आता पिशवीच्या तोंडातून बाहेर यायचं, म्हणून वर छत्री खोचली.

मैदानाला जाळीचं कुंपण होतं. आईबाप बाहेर, पोरं आत. पहिलं टेबल जाळीपासून जवळच होतं, तीस वर्षांपूर्वी मी जिथून परत फिरलो होतो तसलंच. मोजणाऱ्याने टेप लावला.

"ऐंशी. फुगव."

गणराजने श्वास घेतला. मोजणारा टेप सोडत गेला. "पंच्याऐंशी... अठ्ठ्याऐंशी... अरे बास, बास! फुगा आहेस का काय?" टेबलावरची माणसं हसली. गणराजही हसला, पण आवाज आला नाही. त्याला छातीवर बांधायचा नंबर दिला, चारशे सतरा, आणि आत सोडला.

मी जाळी धरून रडलो. आनंदाने. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने मला पाणी दिलं.

सोळाशे मीटर तो पहिला आला. शेवटच्या फेरीत तो माझ्या समोरून दहा हातांवरून गेला. घामाने बनियन अंगाला चिकटलं होतं. तो श्वास सोडायचा तेव्हा नंबराचं फडकं आत जायचं. इतकं आत, की मधला एक दोन्ही बाजूंच्या घडीत नाहीसा व्हायचा आणि नुसते चार आणि सात एकमेकांना टेकायचे. श्वास घेतला की एक पुन्हा बाहेर यायचा. चारशे सतरा. सत्तेचाळीस. चारशे सतरा. माझ्या शेजारच्या बाईनेही ते बघितलं. तिने आपल्या हातातली पाण्याची बाटली खाली टाकली आणि ती गर्दीत मागे मागे सरकत गेली.

शंभर मीटरमध्ये दोन गुण गेले. पन्नासपैकी तेहेतीस झाले, गोळाफेकीचे पंधरा बाकी. मागच्या वेळी चव्वेचाळीसवाला बाहेर राहिला होता. सरळ हिशेब होता.

गोळ्याच्या रांगेतून तो पाणी पिण्याचं निमित्त करून जाळीशी आला. जवळून दिसलं, त्याच्या ओठांना रंग नव्हता. बोलताना तो मधे मधे थांबत होता.

"बाबा. गोळा उचलून बघितला. सव्वासात किलो. गळ्याशी धरला की खालचं सगळं... बसतं. वर येत नाही परत."

"एकदा फेकायचाय. मग झालं."

"तीन चान्स असतात."

"एकदाच फेक. जोरात."

"सोडू का, बाबा?" तो म्हणाला. त्याने बोटं जाळीतून माझ्या बोटांवर ठेवली. त्या बोटांना काहीच वजन नव्हतं. "आई म्हणाली होती, नको वाटलं तर सोडून ये. मी पुढच्या भरतीला..."

पिशवीतलं शिंग माझ्या मांडीला लागून होतं आणि दोन्ही कपड्यांतून मला त्याची ऊब लागत होती. त्या उबेत ठोका होता, लहान, भरभर. हो म्हणायला अर्धा क्षण लागला असता. त्याला घरी नेता आलं असतं. पाठीला उशा लावून निजवता आलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्याबरोबरच मला एसटीत बसून परत जाणारा मीही दिसलो.

"फेक," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. त्याचा स्वभावच तसा, कुणी काही सांगितलं तर ऐकायचं.

तो रिंगणात उभा राहिला. गोळा गळ्याशी घेतला. मी शपथेवर सांगतो, त्या वेळी त्याच्या बनियनमध्ये गळ्यापासून कमरेपर्यंत काही नव्हतं, दोरीवर वाळत घातल्यासारखं ते लोंबत होतं. तरी तो वळला आणि गोळा सुटला. गोळा शेवटच्या रेघेच्या पलीकडे पडला. शिट्टी झाली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मांडीवरची ऊब गेली. पिशवीत हात घालून बघितलं. शिंग थंडगार होतं आणि लव बोटांना लागून सुटत होती.

गणराज रिंगणातून बाहेर आला. त्याने मान एकदा झटकली, कानात पाणी गेल्यासारखी. दोन पावलं पुढे चालला. मग खाली गेला. पडला म्हणता येणार नाही, पडणाऱ्या माणसाचा आवाज होतो.

पोरं धावली. शिपाई धावले. "डॉक्टर! डॉक्टरला बोलवा!" असा एकच गलका झाला. मी फाटकाकडे पळालो. "मी बाप आहे त्याचा," म्हणालो, आणि मला लगेच आत सोडलं.

गोळाफेकीचं टेबल फाटक आणि गर्दी यांच्या मधे होतं. तिथली माणसंही गणराजकडे धावली होती. टेबलावर कागद होते आणि ते उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवला होता. मी थांबलो. चारशे सतरा शोधला. गुण लिहिलेले होते. पंधरा. एकूण अठ्ठेचाळीस. त्याच्यापुढे उमेदवाराच्या सहीचा रकाना रिकामा होता.

मी पेन घेतलं, कागद घेतला, आणि गर्दीत वाट काढत त्याच्याजवळ जाऊन बसलो. लोकांना वाटलं बाप पोराचा हात हातात घेतोय, म्हणून ते जरा मागे सरले. हात अजून गरम होता. पण बोटं वळत नव्हती, ती मी एकेक करून पेनाभोवती वळवली.

सही नेहमीसारखी आली नाही. पण चालण्यासारखी होती.